पान तिसरं

सकाळी सात चाळीसची मीटिंग.
मी रात्रपाळीवरून सरळ आलो,
डुलुथच्या चढावरचे रस्ते खरवडून,
ट्रकचं पातं वर उचलून
शाळेच्या मागच्या आवारात लावून.
खुर्ची तिसरीतल्या पोराच्या मापाची.
गुडघे हनुवटीशी,
आणि बुटांवरचा बर्फ वितळून टेबलाखालून
मिसेस लुंडीनच्या पर्सकडे निघालेला एक ओघळ.
मी त्याच्याकडेच बघत होतो.

"मिस्टर कांगास, ऐकताय ना?"

ऐकत होतो.
वेंडेल जागेवरून उठतो, दिवसाला चौदा वेळा.
कुणीतरी मोजलंय.
ज्यानं मोजलं
त्याचं तरी लक्ष धड्यात कुठे होतं?

सप्टेंबरात म्हणाले होते, मार्क ठीक आहेत,
मग गरज काय?
त्या ठीक मार्कांच्या मागे
रात्री साडेदहापर्यंत स्वयंपाकघरातला दिवा,
मार्लिसचा बसलेला आवाज,
आणि गणिताचं एक पान, रडून रडून
खोडरबरानं भोक पडलेलं.
ते काही निकालपत्रात येत नाही.
मग डॉक्टर. सात महिन्यांनी नंबर लागला.
मग पत्र, मग पत्र हरवलं
(शाळेकडून; आमच्याकडून नाही, एकदाच),
मग ही अकरा पानं.

चाचणीला दीडपट वेळ.
सूचना एका वेळी एकच.
पाय ऐकेनासे झाले की ऑफिसात निरोप घेऊन जायचं,
निरोप नसला तरी.
बसायची जागा: खिडकीपासून दूर.

इथे मी हात वर केला. खरंच वर केला, वर्गात करतात तसा.
खिडकी नका काढू, म्हटलं.
सरोवराकडे बघतो तेव्हाच तो ऐकत असतो.
फळ्याकडे टक लावून गप्प बसला
की समजा, घरी कुणी नाही.

मिस क्वार्ल्सनी पेन उघडलं.
"मीही पाहिलंय," म्हणाल्या, आणि ती ओळ खोडली.

मुख्याध्यापकांना बाकीच्या मुलांची काळजी.
सवलत एकालाच का?
त्यावर एक वाक्य मी रात्रभर गाडीत घोकलं होतं:
चढावर आम्ही वाळू जास्त टाकतो, साहेब,
सपाट रस्त्यानं कधी तक्रार केलेली नाही.
तिथे बोलताना अर्धंच आलं.
"वाळू," मी म्हणालो. "चढावर."
ते म्हणाले, हो, यंदा बर्फ फारच आहे.

मग सही. आधी वाचा, म्हणाले, सावकाश.
तिसऱ्या पानावर माझी ओळ सुटली.
पुन्हा वरून. पुन्हा तिथेच सुटली.
अक्षरं सगळी ओळखीची,
फक्त कुणी कुणाच्या शेजारी थांबेना.
एकेचाळीस वर्षं मी याला
झोप पुरी झाली नाही म्हणत आलोय.

मिस क्वार्ल्सनी एक कोरं कार्ड
माझ्या ओळीखाली सरकवलं.
माझ्याकडे पाहिलंही नाही.
"खाली खाली नेत जा," एवढंच.

माझ्या वेळी यादीत एकच कलम होतं.
भिंत.
मिस्टर ब्रॉश्की बाक उचलून कॉरिडॉरमध्ये ठेवायचे,
भिंतीकडे तोंड.
त्या भिंतीवर रंगाचे सहा फुगे होते,
एक उंटासारखा.
तो मला आजही काढून दाखवता येईल.

अकरा पानं वाचली मी. अकराही.

बाहेर वेंडेल बाकावर, एकाच हातात मोजा.
"काय ठरलं?" हे त्यानं विचारलं नाही.
"बाबा, तुझा उजवा मागचा दिवा बंद आहे."
जाऊन पाहिलं. बंदच.
रात्रभर मला दिसला नव्हता,
मागून येणाऱ्या एकालाही नाही.

ते कार्ड माझ्याच खिशात आलंय.
सोमवारी परत द्यायचं,
लक्षात राहिलं तर.